विनोदी कादंबरीतील म्हातारे वीर उथळ असतात का?

निकोलस ईम्स यांच्या ‘किंग्ज ऑफ द वाइल्ड’ (2017) या अद्भुतरम्य कादंबरीतील निवृत्त वीर, म्हणजे एके काळी गाजलेल्या एका भाडोत्री टोळीतले जुने सोबती, केवळ थट्टेसाठी उभे केले आहेत काय, आणि विनोदामुळे त्यांच्या व्यक्तिरेखा उथळ झाल्या आहेत काय, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. या कादंबरीतून विनोद काढून टाकला तर पात्रेच उरणार नाहीत.

मूग या जादूगाराचेच पाहा. एके काळी राक्षसांशी झुंजलेला हा माणूस आता पुरुषांच्या दौर्बल्यावरचे औषध विकून पोट भरतो, आणि ते औषध खरोखर लागू पडते, यावर कोणीही हसेल. परंतु त्या धंद्याच्या आडून तो ज्या रोगावर उपाय शोधत बसला आहे, त्याच रोगाने त्याचा जोडीदार गेला आहे. त्याच टोळीतला मॅट्रिक आता राजा झाला आहे, अंगाने सुटला आहे, दारू पितो, राणी त्याच्या जिवावर उठली आहे आणि मुले आपली नाहीत हे त्याला पक्के ठाऊक आहे; तरीही तो त्या मुलांवर जीव टाकतो. गॅनेलॉन तर शिक्षा म्हणून इतकी वर्षे दगड होऊन उभा होता, त्यामुळे तो एकटाच तरुण राहिला आहे, आणि त्याला सोडवायला कोणी आले नाही ही गोष्ट बाकीच्यांना त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू देत नाही. भाडोत्री लढवय्यांच्या टोळ्या रॉक बँडसारख्या गाजतात, त्यांना कामे मिळवून देणारे दलाल असतात, ही मूळ कल्पनाच गमतीची आहे. पण तिच्या आत बसवलेली माणसे अजिबात गमतीची नाहीत.

हा प्रश्न मला एरवी इतका झोंबला नसता. तथापि, हाच वाद मी आमच्या जुन्या नाट्यमंडळाच्या नायकाशी गेली कित्येक वर्षे घालत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तरुणपणी आम्ही इंदुरात गणेशोत्सवात नाटके करीत असू. नायक ठरलेला होता. आवाज, उंची, नाक सगळेच त्याला मिळाले होते. मी प्रॉम्प्टिंग करायचो, पडदा ओढायचो आणि कोणी आजारी पडला तर प्रधान किंवा सेनापती व्हायचो. पुढे मंडळी पांगली. निवृत्तीनंतर नायक पुण्याहून परतला आणि तेच जुने ऐतिहासिक नाटक पुन्हा करायचे त्याने ठरवले. रामबागेत एकाच्या घरी तालमी सुरू झाल्या. ट्रंकेतला भरजरी अंगरखा कोणाच्याही पोटावर बसेना, म्हणून मागून नाडी घालून तो आवळावा लागला, आणि वरून शेला पांघरून ती नाडी झाकावी लागली. नायकाची मात्र सक्त ताकीद होती की प्रेक्षकांत हशा पिकता कामा नये, लोक म्हाताऱ्यांना हसायला टपलेलेच असतात.

प्रयोगात आमचा सरदार महाराजांपुढे गुडघा टेकून तलवार अर्पण करतो, असा प्रसंग होता. गुडघा टेकला खरा, परंतु त्याला उठता येईना. एक हात तलवारीवर, दुसरा फळीवर, आणि चेहऱ्यावर असे भाव की महाराजांनी आता काहीही मागावे, फक्त उठ म्हणू नये. मी प्रधानाच्या वेषात बाजूलाच होतो. मी पुढे होऊन त्याच्या काखेत हात घातला आणि म्हणालो, “महाराज, या गुडघ्याने आपल्यासाठी फार गड चढले आहेत.” सभागृह खळखळून हसले, पाठोपाठ टाळ्याही पडल्या. मध्यंतरात नायक माझ्यावर संतापला. “अरे, तू माझ्या प्रसंगाचा तमाशा केलास,” असे तो म्हणाला. माझे म्हणणे असे होते, आणि आजही आहे, की त्या क्षणापर्यंत तो सरदार पाठ केलेली वाक्ये बोलत होता. गुडघा अडला तेव्हा तो कोणी तरी माणूस झाला.

ही कादंबरी भाचीने मला दिली. वाचून झाल्यावर मी ती मुद्दाम नायकाला दिली. त्याचा अभिप्राय असा आला की, “विषय चांगला आहे, पण कथा सोनेरी गॅब्रिएलची असताना ती त्या मठ्ठ क्ले कूपरच्या बाजूने का सांगितली आहे?” मला तर लेखकाची सर्वांत मोठी हुशारी नेमकी इथेच दिसते. गॅब्रिएल टोळीचा म्होरक्या, देखणा आणि नावाजलेला. आता त्याची ती प्रसिद्ध तलवार जुन्या दलालाच्या ताब्यात आहे, पूर्वीची बायकोही त्या दलालाकडेच राहते, आणि मुलगी वेढा पडलेल्या शहरात अडकली आहे. अशा माणसाच्या तोंडून कथा ऐकली असती तर ती रडगाणे झाली असती. क्ले हा ढाल धरणारा आहे. टोळीत त्याचे टोपणनावच ‘स्लोहँड’, म्हणजे मंद हाताचा, कारण पहिला घाव बहुधा तोच खातो. आता तो गावात पहारेकरी आहे, घरी बायको आहे, लहान मुलगी आहे, आणि मुलीला सोडवायला चल म्हणत गॅब्रिएल दारात आल्यावर तो चक्क नकार देतो. मग त्याची मुलगी विचारते की त्या शहरात मी अडकले असते तर तू आला असतास का. त्या प्रश्नानंतर त्याला घरी बसवत नाही. मित्राबद्दलची चीड, लाज आणि माया एकाच वेळी बाळगणाऱ्या माणसाच्या नजरेतून कथा येते, म्हणूनच गॅब्रिएल आपल्याला सहन होतो. पुढे उभा राहणारा कसा दिसतो हे बाजूला उभ्या असलेल्यालाच माहीत असते. नायकांना हे पटवणे कठीण.

आपण वाचावी की नाही, हे राहिलेच. अवश्य वाचा, आणि मूळ इंग्रजीतूनच वाचा. राक्षसांची यादी पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या रॉक संगीताची माहिती असल्यास नावांतल्या खोड्या अधिक कळतील, नसल्यास फारसे अडत नाही. उत्तरार्धात लढाया एकामागून एक येतात आणि तिथे पात्रे थोडी मागे पडतात, हे खरे आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: आपला उथळपणाचा आक्षेप स्त्रीपात्रांना मात्र बऱ्याच अंशी लागू पडतो. मॅट्रिकची राणी निव्वळ कजाग आहे, क्लेची बायको समंजस आहे आणि त्यापलीकडे तिला फारसे काम नाही. प्रवाशांना लुटणाऱ्या बायकांची टोळी तेवढी फक्कड जमली आहे. ‘ब्लडी रोझ’ (2018) या पुढच्या कादंबरीत गॅब्रिएलची मुलगी आघाडीवर आहे आणि कथा टॅम नावाच्या तरुणीच्या नजरेतून येते, त्यामुळे ही उणीव तिथे बरीच भरून निघते. आमच्या नायकाला मात्र स्त्रीपात्रांबद्दल काहीच म्हणायचे नव्हते. दुसऱ्या भागात तरी गॅब्रिएलला पुरेसे काम आहे का, एवढेच त्याने विचारले.