केळी सर्वाधिक आपली, निर्यातीत पुढे इक्वाडोर

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. जगात सर्वाधिक केळी भारतात होते, तरी निर्यातीत इक्वाडोर पहिला, असे वाचले. आपल्याकडे मजुरी स्वस्त असताना असे का? देशांच्या स्पर्धाक्षमतेविषयी अभ्यासकांचे विचार कसे बदलत गेले, तेही सांगावे. — एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : स्वस्त मजुरी म्हणजे स्पर्धाक्षमता, ही समजूत अभ्यासकांमध्येही बराच काळ टिकून होती. वास्तविक डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्येच इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाइन यांच्या उदाहरणातून दाखवले होते, की एखादा देश दोन्ही वस्तू कमी श्रमांत करत असला, तरी जिच्यात त्याची आघाडी तुलनेने मोठी, तीच करून दुसरी विकत घेण्यात दोन्ही देशांचा लाभ असतो. पुढे हेक्शर आणि ओहलिन या स्वीडिश अभ्यासकांनी जमीन, श्रम, भांडवल यांपैकी जे देशाकडे मुबलक, त्यावर निर्यात ठरते, असे मांडले. मात्र 1953 मध्ये वासिली लिओन्टिएफ यांच्या आकडेमोडीत भांडवलसंपन्न अमेरिकेची निर्यातच तिच्या आयातीपेक्षा अधिक श्रमप्रधान निघाली. स्वस्ताईच्या समजुतीला खरा धक्का 1978 मध्ये निकोलस काल्डॉर यांनी दिला. जपान आणि जर्मनी यांचा दर नगामागचा मजुरीखर्च इतरांच्या तुलनेत वाढत होता आणि तरीही जागतिक बाजारातील त्यांचा वाटाही वाढतच होता.

हे कसे घडते, याचे उत्तर मायकेल पोर्टर यांनी 1990 मध्ये दहा देशांच्या अभ्यासातून दिले. साधनसंपत्तीइतकेच महत्त्व त्यांनी चोखंदळ स्थानिक ग्राहक, पूरक उद्योग आणि आपसांतील चुरस यांना दिले. आपल्या प्रश्नाचे मर्म मला यातील ग्राहकापाशी दिसते. आपली बहुतेक केळी देशातच खपते आणि येथे घड प्रामुख्याने वजनावर घेतला जातो. तो खांद्यावरून उतरताना, ट्रकमध्ये रचताना सालीला लागलेला मार हिरवेपणी दिसत नाही, पिकल्यावर काळा डाग होऊन उमटतो. परदेशी खरेदीदार त्याच डागावर माल नाकारतो. म्हणून निर्यातीसाठी फण्या वेगळ्या करून, चीक जाण्यासाठी तुरटीच्या पाण्यात धुऊन, मग डब्यांत भराव्या लागतात आणि बागेपासून बंदरापर्यंत शीतसाखळी, म्हणजे माल सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, तुटू द्यायची नसते.

जागतिक आर्थिक मंचाच्या 2019 च्या स्पर्धाक्षमता क्रमवारीत 141 अर्थव्यवस्थांमध्ये भारत 68 वा होता. तथापि अशा एका आकड्याने केळीविषयी फारसे कळत नाही. पॉल क्रुगमन यांचा 1994 चा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो : देश म्हणजे कंपनी नव्हे, एकाची सरशी ही दुसऱ्याची हार नसते आणि राहणीमान मुख्यतः देशातल्याच उत्पादकतेवर ठरते. तेव्हा इक्वाडोरकडे पाहण्याआधी आपण आपल्याच बागेचा हिशेब मांडावा. एका मजुराच्या दिवसभराच्या कामातून बिनडाग फण्या किती निघतात आणि त्या वाढवण्यासाठी कापणीच्या व वाहतुकीच्या कोणत्या टप्प्यावर खर्च करणे परवडेल, एवढे त्यातून नक्की कळेल.