गेमिंग लॅपटॉप ९७ अंशांवर जातो : कूलिंग पॅड, नवी पेस्ट की ओव्हरक्लॉकिंग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : २०२० मध्ये घेतलेल्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय-७ ९७५०एच प्रोसेसर आणि जीटीएक्स १६६० टीआय ग्राफिक्स आहे. गेम सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर पोहोचतो आणि त्याचा वेग ४ गिगाहर्ट्झवरून पार खाली येतो. अशा वेळी कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा पाट) घ्यावा, चिप आणि तांब्याचा पत्रा यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलावी, की ओव्हरक्लॉक करून, म्हणजे चिप ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवून, गेलेला वेग परत मिळवावा, असे तुम्ही विचारले आहे. हाच प्रोसेसर असलेला लॅपटॉप मी पाच वर्षे वापरत आहे आणि त्यातला बराच काळ तो अकोल्यात, मे महिन्यातही, चालला आहे. त्यामुळे या विषयावर मी थोडे अधिकाराने आणि बऱ्याच चुका करून झाल्यावर लिहीत आहे.

शेवटच्या पर्यायाचा निकाल आधी लावतो. ९७५०एच या चिपचा मल्टिप्लायर, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ ठोक्याला ज्या संख्येने गुणून चिपचा वेग ठरतो ती संख्या, कारखान्यातच बंद केलेला आहे. त्या पिढीत तो मोकळा मिळे तो आय-९ ९९८०एचकेसारख्या, नावाच्या शेवटी ‘एचके’ असलेल्या चिपांत. पण तो मोकळा असता तरी तुमचे काम झाले नसते, कारण तुमचा वेग उष्णता बाहेर पडत नाही म्हणून गेलेला आहे. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चे किस्से ऐकून माझ्यासारखे अनेक जण या नादाला लागले. त्या चिपचा मल्टिप्लायर ४.५ वर अडकवलेला होता, पण मदरबोर्डवर बसचा (मूळ ठोक्याचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झची स्वस्त चिप सरळ ४५० वर धावू लागे. आज तेवढी शिल्लक ग्राहकासाठी कोणी ठेवत नाही. तुमच्या चिपचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ आहे, एकच कोअर (चिपमधला स्वतंत्र काम करणारा भाग) कामात असेल तर ती ४.५ पर्यंत जाते आणि सहाही कोअर कामाला लागले तरी ४ पर्यंत जाऊ पाहते. तिच्या कागदावरचे ४५ वॅट मात्र २.६ गिगाहर्ट्झच्या हिशेबाने लिहिलेले आहेत. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग कंपनीने आधीच करून दिलेले आहे आणि त्याची उष्णता सोसण्याचे काम दोन बोटे जाडीच्या डब्यावर सोपवलेले आहे. लॅपटॉपमध्ये ही सगळी कारागिरी म्हणूनच उलट दिशेने करावी लागते : तोच वेग कमी विजेवर कसा मिळेल, हे पाहावे लागते.

९७ अंश हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. या चिपची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचताच ती स्वतःच वेग उतरवून घेते आणि त्याही पुढे गेली तर लॅपटॉप बंद करते. चिप जळत नाही. तिच्या शेजारी राहणारी बॅटरी आणि अखंड पूर्ण वेगाने फिरणारे पंखे मात्र लवकर म्हातारे होतात.

काहीही विकत घेण्यापूर्वी एक मोजमाप करा. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम चालू ठेवून प्रोसेसरवर दहा मिनिटे सलग भार टाका (सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी पुरेशी आहे) आणि शेवटच्या दोन मिनिटांतले प्रोसेसरचे तापमान, त्याला मिळणारे वॅट आणि खोलीचे तापमान असे तीन आकडे कागदावर लिहा. खोलीच्या मानाने चिप जितके अंश वर आहे त्याला वॅटने भागले की एका वॅटमागे किती अंश चढतात ते कळते. माझ्या लॅपटॉपमध्ये खोली २८ अंशांवर असताना ४५ वॅटला चिप ९१ वर स्थिरावत असे. म्हणजे वॅटमागे १.४ अंश. हा आकडा हाती आल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. तीच खोली मे महिन्यात ४० अंशांवर गेली तर त्याच ४५ वॅटला चिपने १०३ वर जायला हवे. ते तिला परवानगीत नाही, म्हणून ती वेग सोडते. ‘थंडीत ठीक चालतो, उन्हाळ्यात बिघडतो’ या तक्रारीत अनेकदा बिघाड असा काही नसतोच, नुसती वजाबाकी असते. पुढे जे काही कराल त्यानंतर हाच आकडा पुन्हा काढा. ‘आता बरा वाटतो’ या वाटण्यावर मी अनेकदा फसलो आहे.

आता उष्णतेचा मार्ग लक्षात घ्या. चिपमधून ती पेस्टच्या थरात, तिथून तांब्याच्या पत्र्यात, पत्र्यातून हीट पाइपमध्ये, हीट पाइपमधून कडेच्या पातळ पात्यांच्या जाळीत आणि शेवटी पंख्याच्या हवेत जाते. हीट पाइप म्हणजे भरीव तांब्याची कांब नव्हे. ती पोकळ नळी असते, आतली हवा काढून त्यात थोडेसे पाणी ठेवलेले असते, ते गरम टोकाला वाफ होते आणि थंड टोकाला पुन्हा पाणी होऊन आतल्या जाळीतून परत झिरपते. या साखळीत पाच वर्षांत दोनच ठिकाणे हमखास बिघडतात : पेस्ट आणि जाळी. नळी चेपली नसेल तर तिला काहीही होत नाही.

जाळीपासून सुरुवात करा, कारण तिला पैसे लागत नाहीत. बाहेरून टॉर्च मारून जाळी स्वच्छ दिसते यावर विश्वास ठेवू नका. धूळ जाळीच्या आतल्या बाजूला, पंख्याच्या तोंडाशी बसते आणि कपड्यांचे तंतू मिसळून तिची गोधडीसारखी पट्टी तयार होते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती पट्टी सुटून पंख्यात अडकते, म्हणून तळाचे झाकण काढून, बॅटरीची जोडणी सोडवून, पंखा उचलून ती बोटाने सबंध काढणे हेच योग्य. हवा मारायचीच असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण हवेने तो वाटेल त्या वेगाने फिरला तर बेअरिंगचे नुकसान होते. विदर्भातल्या मंडळींसाठी एक जादा सूचना आहे : वाळ्याच्या कूलरसमोर लॅपटॉप ठेवला की आकडे सुंदर दिसतात, पण त्या ओलसर हवेत धूळ आणि पाण्यातले क्षार मिळून जाळीवर जो लेप बसतो तो ब्रशने निघत नाही. कूलर खोलीसाठी असू द्या, झोत लॅपटॉपवर नको.

दुसरी पायरी अंडरव्होल्टिंगची, म्हणजे चिपला कमी व्होल्टेज देण्याची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फायदा इथे आहे. चिप किती वीज खाते ते ढोबळमानाने तिच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात ठरते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.१० वरून १.०० वर आणले तर वर्गामुळे विजेत सुमारे १७ टक्के बचत होते, आणि वेग जराही न गमावता हे होते, कारण कारखान्यातून प्रत्येक चिपला सर्वांत कमकुवत चिपच्या गरजेपेक्षाही थोडे जास्त व्होल्टेज ठरवून दिलेले असते. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्राममध्ये कोअर आणि कॅश (चिपमधली जलद स्मृती) या दोन्हींना आधी उणे ५० मिलिव्होल्ट द्या, दिवसभर नेहमीची कामे करा, मग दहा-दहाने खाली या. माझी चिप उणे १२५ पर्यंत निमूट चालते. उणे १४० ला निळा पडदा (विंडोज कोसळल्याची खूण) आला, तोही गेममध्ये नव्हे तर नुसते ब्राउझर उघडताना. हलक्या कामात वेग सतत वरखाली होतो आणि कमी पडलेले व्होल्टेज नेमके तिथे उघडे पडते, म्हणून फक्त भाराची चाचणी उत्तीर्ण झाली यावर समाधान मानू नका. आठवडाभर सुरळीत चालेपर्यंत हे मूल्य विंडोजबरोबर आपोआप सुरू होईल असे ठेवू नका. नाहीतर लॅपटॉप उघडताच बंद पडण्याचे चक्र सुरू होते.

थ्रॉटलस्टॉपच्या त्या खिडकीत तुम्हाला ‘लॉक्ड’ असा शब्द दिसण्याची शक्यता आहे. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्रात्स आणि लूवेन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. व्होल्टेज मुद्दाम पाडून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवायच्या आणि त्यावरून गुपिते काढायची, असा तो प्रकार होता. त्यावर उपाय म्हणून आलेल्या बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) नव्या आवृत्त्यांनी अनेक लॅपटॉपांतली ही सोय बंद केली. जुनी बायोस परत टाकण्याचे सल्ले तुम्हाला मिळतील. मी तो देणार नाही, कारण ती प्रक्रिया मध्येच फसली तर मदरबोर्ड दुकानात न्यावा लागतो.

सोय बंद असेल तर वॅटची मर्यादा उतरवा. त्याच प्रोग्राममध्ये दीर्घकाळाची मर्यादा ४५ वरून ३५ करता येते. गेममध्ये बहुतेक वेळा ग्राफिक्सची चिप आधी दमते, त्यामुळे प्रोसेसरचे हे दहा वॅट काढून घेतले तरी पडद्यावर फारसा फरक जाणवत नाही. उलट बऱ्याच लॅपटॉपांत दोन्ही चिपांच्या हीट पाइप सामाईक असल्याने ग्राफिक्सला तेवढी सवलत मिळते. एवढीही खटपट नको असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल अवस्था १०० ऐवजी ९९ टक्के करा. टर्बो (मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय) पूर्ण बंद होतो, चिप २.६ वर राहते आणि लॅपटॉप थंड होतो. उपाय कुऱ्हाडीचा आहे, पण मेच्या दुपारी मी तो वापरतो.

जाळी साफ करूनही वॅटमागचा आकडा फारसा खाली आला नाही, तरच पेस्टला हात लावा. लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखे धातूचे झाकण नसते, काचेसारखी उघडी चिप थेट तांब्याला टेकते. रोज तापण्या-निवण्यात हे दोन पृष्ठभाग जरा जरा हलतात आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. त्यामुळे डेस्कटॉपवर नावाजलेली मऊ पेस्ट लॅपटॉपमध्ये दोन-तीन महिन्यांत नापास होते. घट्ट पेस्ट घ्या. त्याहून बरा पर्याय हनीवेलच्या पीटीएम७९५० या पातळ पत्रीचा आहे. ती साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरते आणि कडेला पळून जात नाही. पत्री दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की तिच्यावरचा कागद सुबक सुटतो. पहिल्या दिवशी आकडे निराशाजनक दिसले तरी चार-पाच वेळा तापून निवल्यावर ती नीट बसते. नकली पत्री भरपूर विकल्या जातात, तेव्हा अतिस्वस्त दिसली तर सोडून द्या.

इथली माझी चूक सविस्तर सांगतो, कारण ती सहज होते. पेस्ट बदलताना मेमरीच्या चिपांवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहणारे मऊ तुकडे) फाटले, म्हणून पुण्याच्या तापकीर गल्लीतून एक मिलिमीटर जाडीचे नवे पॅड आणून लावले. मूळ पॅड अर्ध्या मिलिमीटरचे होते. त्या अर्ध्या मिलिमीटरने सबंध हीटसिंक (तांब्याचा पत्रा आणि हीट पाइप यांचा सांगाडा) उचलला गेला, प्रोसेसरवर पेस्टचा जाड थर राहिला आणि चिप पहिल्यापेक्षा आठ अंश जास्त तापू लागली. मी तीन दिवस पेस्टला दोष देत पुन्हा पुन्हा ती लावत होतो. जुना पॅड काढण्यापूर्वी, न दबलेल्या कडेला, त्याची जाडी मोजून ठेवा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट आणि लावताना सरळ क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा करत आवळा, एकदम नाही.

लिक्विड मेटल नको. ते गॅलियमचे मिश्रण असते, उष्णता उत्तम वाहते, २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्येही ते आहे; पण तिथे ते बाहेर येऊ नये म्हणून कारखान्यात बंदोबस्त केलेला आहे. ते वीजवाहक आहे आणि ॲल्युमिनियम खाते. प्रवासात हिंदकळणाऱ्या लॅपटॉपमध्ये एक थेंब शेजारच्या भागांवर गेला तर दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीशी स्पर्धा करील.

कूलिंग पॅडबद्दल तुम्ही सर्वांत आधी विचारले होते आणि मी सर्वांत शेवटी येत आहे, यातच माझे मत आले. तळाच्या जाळीतून हवा घेणाऱ्या लॅपटॉपचा मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर उचलला की बहुतेक फायदा पदरात पडतो आणि त्यासाठी दोन खोडरबर पुरतात. माझ्याकडे निळे दिवे लागणारा एक पॅड होता. खोडरबरांच्या तुलनेत त्याने दीड अंश कमी केला. फोमची कड लावून हवा थेट तळाच्या जाळीत कोंबणारे जोरदार ब्लोअरचे पॅड खरोखर काम करतात, पण त्यांचा आवाज मिक्सरच्या जवळ जातो आणि धूळही ते तितक्याच उत्साहाने आत कोंबतात.

झाकण उघडाल तेव्हा बॅटरीकडेही नजर टाका. पाच वर्षे या उष्णतेशेजारी काढलेली बॅटरी कधी कधी उशीसारखी फुगलेली असते. टचपॅड वर उचललेला वाटणे किंवा झाकण नीट न बसणे ही तिचीच खूण. तसे असेल तर पेस्ट, पॅड, व्होल्टेज सगळे बाजूला ठेवा, तिला दाबू किंवा टोचू नका, चार्जर काढून लॅपटॉप बंद करा आणि आधी बॅटरी बदलून घ्या.