हातावर पोट असलेल्या माणसांना सिगारेट सोडायला मदत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की हाताखालच्या सफाई कामगारांना दुष्परिणाम सांगून थकलात, तरी कुणी सिगारेट सोडत नाही. मी बेघरांच्या निवाऱ्यात काम करतो, त्या अनुभवावरून सांगतो: दुष्परिणाम सांगणं आधी थांबवा. ते त्यांना पाठ आहेत. सोडायचा प्रयत्नही बहुतेकांनी करून झालेला असतो. अशा माणसाला 'तुझ्यात इच्छाशक्तीच नाही' म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

त्याऐवजी हे बघा, की सिगारेट न ओढता त्यांना बसायची मुभा आहे का? ओढणारा पाच मिनिटं बाहेर गेला तर कुणी काही म्हणत नाही, पण नुसता टेकलेला माणूस कामचुकार ठरतो. म्हणजे सिगारेट सुटली की हक्काची विश्रांतीही सुटली. ती तुम्ही देऊ शकता, आणि तुमच्या जागी असतो तर मी सुरुवात तिथूनच केली असती.

मग विचारा, सकाळी पहिली कधी ओढता? उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तर सवय खोल आहे, नुसत्या निर्धारावर भागत नाही. अशांना 4 मिलिग्रॅमची निकोटिन गम, म्हणजे तलफ शमवायला थोडं निकोटिन देणारी चघळायची गोळी लागते, बाकीच्यांना 2 ची पुरते. अंगावर निकोटिनचा पॅच, म्हणजे त्वचेला चिकटवायची पट्टी, आणि तलफ आली की गम, असं दोन्ही मिळून जास्त गुण येतो. डॉक्टरांना विचारा आणि कामगारांच्या खिशाला झळ न लागता मिळेल असं बघा.

गम नुसती हातात ठेवू नका. आमच्याकडच्या एका काकांनी ती भराभर चघळली. उचक्या लागल्या, मळमळलं, पाकीट परत आलं. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी शेजारी बसून दाखवलं: हळू चावायची, तोंडात चुरचुरलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये धरायची, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायची. असं अर्धा तास. त्याआधी पाव तास चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट. चिडचिड होते, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत हे बरंच निवळतं. तेवढे दिवस रोज जाऊन विचारा. मधेच एखादी ओढली गेली तर रागावू नका, गम चालू ठेवायला सांगा. काका दोनदा घसरले होते, दोन्ही वेळा मला सांगायला स्वतः आले.