‘प्रीपोन’ असा शब्द इंग्रजीत खरंच आहे का? ऑफिसच्या मेलमध्ये वापरला म्हणून साहेब हसले.

आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, फक्त ‘भारतीय इंग्रजी’ अशी खूण लावून. साहेबांना म्हणावं, हसण्याआधी शब्दकोश उघडत जा.

आमच्याकडे हे हसण्याचं काम मेहुण्याने केलं. तो न्यू जर्सीत असतो. मुलीचा साखरपुडा रविवारचा शुक्रवारवर आणावा लागला, कारण जावयाची रजा कापली. हॉलवाल्याच्या विनवण्या, केटररशी हुज्जत, गुरुजींची वेळ, सगळं उरकून मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, ‘एंगेजमेंट प्रीपोन्ड टू फ्रायडे’. पहिला मेसेज मेहुण्याचा: ‘नो सच वर्ड, भाऊजी’. पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तेवढ्यावर भागलं नाही. साखरपुड्याच्या पंगतीत व्याह्यांसमोर त्याने तोच विषय पुन्हा काढला. म्हणे, अमेरिकेत असं बोललात तर लोक बघत राहतील, ‘मूव्हड फॉरवर्ड’ म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना हॉटेलात जेवायला बोलावलं होतं, आठ वाजता. दुपारी त्याचा मेसेज आला, ‘डिनर मूव्हड फॉरवर्ड बाय अॅन अवर’. आम्ही सातला पोचलो. बडीशेपेची वाटी टेबलावर आली तेव्हा आमच्या काकू पैठणी नेसून दारात उभ्या! पुढे ढकललं म्हणजे नऊ, असा त्यांचा हिशोब. मेहुणा म्हणतो काकूंचं इंग्रजी कच्चं. अहो, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही इथे अडखळतात. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केली म्हटलं की कुणी सोमवार समजतो, कुणी शुक्रवार. प्रीपोनमध्ये हा घोळ होऊच शकत नाही.

आणि हा शब्द आपण भारतीयांनी अडाणीपणातून काढला, हेही खोटं. 1913 साली एका गृहस्थाने न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून हाच शब्द सुचवला होता, तोही मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी. म्हणजे मेहुण्याच्या घरापासून नदीपलीकडे! तिथे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला, एवढंच. ही माहिती मी ग्रुपवर टाकली. निळ्या टिका आल्या, उत्तर अजून आलेलं नाही.

हां, एक राहिलं. क्लायंट परदेशी असेल तर तुमचे साहेब अगदीच चुकीचे नाहीत. ब्रिटिश माणसाला ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहा, अमेरिकनला ‘मूव्हड अप’, आणि काहीही लिहिलंत तरी शेजारी नवी तारीख-वेळ टाका. ‘प्रीपोन्ड बाय टू अवर्स’ म्हणजे दोन तास आधी, ‘प्रीपोन्ड टू टू’ म्हणजे दोन वाजता; यात मात्र आपलेही लोक गल्लत करतात.