तळ लष्कराचा, नळ कंपनीचा

(वाचकांचे प्रश्न. उत्तरे देणाऱ्या लेखिका लष्कराच्या इमारती, पाणी आणि वीज सांभाळणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमधून, म्हणजे एम.ई.एस.मधून, निवृत्त झालेल्या विद्युत अभियंता आहेत.)

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. माझी भाची टेक्सासमध्ये एल पासोजवळ फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर राहते. भाचेजावई अमेरिकी सैन्यात आहेत. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे जाऊन आले. एका सकाळी घरासमोर पाण्याच्या लाइनचं खोदकाम चाललं होतं. एकही गणवेशातला माणूस नव्हता, सगळी कंपनीची माणसं. जावई म्हणाले, "मावशी, ही पाइपलाइन आता लष्कराची नाहीच. केव्हाच विकली." मी देवळालीत वाढले. कॅम्पात पाणी म्हणजे एम.ई.एस., एवढंच आम्हाला माहीत. इतकं मोठं लष्कर स्वतःचे नळ विकतं कशाला? आणि उद्या कंपनीने पाणी बंद केलं तर?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: ताई, जावयांनी सांगितलं ते खरं आहे. २००४ मध्ये फोर्ट ब्लिसची पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची यंत्रणा कॅलिफोर्नियातल्या अमेरिकन स्टेट्स वॉटर या कंपनीच्या एका उपकंपनीकडे गेली. करार ५० वर्षांचा. तिथलं विजेचं वितरण तिसऱ्याच कुणाकडे आहे: रिओ ग्रँड इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्ह. ही टेक्सासमधली ग्राहकांची सहकारी संस्था. आपल्या नगर जिल्ह्यातल्या वाचकांना मुळा-प्रवरा ही वीज सहकारी संस्था आठवेल.

विकलं काय, ते आधी नीट पाहू. जमिनीखालचे पाइप, व्हॉल्व्ह, पंप, टाक्या हे कंपनीचं झालं. जमीन लष्कराचीच राहिली. कंपनीला तिथे यायचा, खोदायचा, दुरुस्ती करायचा हक्क मिळाला. पाणी कुठून येतं हा आणखी वेगळा विषय. फोर्ट ब्लिसच्याच जमिनीवर २००७ मध्ये खारं भूजल गोडं करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. तेव्हा त्याची क्षमता रोज २.७५ कोटी गॅलन, म्हणजे १० कोटी लिटरच्या वर. तो एल पासो शहर आणि लष्कर यांनी मिळून उभारला आणि शहराचं पाणी खातं तो चालवतं. तेव्हा "लष्कराने पाणी विकलं" असं म्हणू नका. पाणी घरापर्यंत नेणारी यंत्रणा विकली.

आता विकली का. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेत संरक्षणाचा पैसा आटला. पाइप आणि तारा कित्येक तळांवर दुसऱ्या महायुद्धाच्या धांदलीत घातलेल्या. दुरुस्तीचा पैसा सगळ्यात आधी कापला जातो, हे जगातल्या कुठल्याही सरकारी वसाहतीत काम केलेल्याला ठाऊक असतं. रणगाडा बंद पडला की सगळ्यांना दिसतो. जमिनीखालचा पाइप चाळीस वर्षांचा झाला काय नि साठ, फुटेपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. १९९७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून लष्कराला या यंत्रणा विकण्याची मोकळीक दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संरक्षण खात्याने हुकूम काढला की १ जानेवारी २००० पर्यंत सगळ्या यंत्रणा विका. दोन वर्षांत शेकडो तळांचे पाइप मोजून, किंमत ठरवून, निविदा काढून विकायचे! वर्षभरात मुदत पुढे ढकलून सप्टेंबर २००३ करावी लागली, आणि तीही पुरली नाही. ज्याने एका वसाहतीचा तरी नकाशा जमिनीवर ताडून पाहिला असेल, त्याला कळेल की ते होणारच नव्हतं.

तरीही मी या योजनेला सरसकट वाईट म्हणणार नाही. करारात पैशाचे दोन भाग असतात: एक रोजची देखभाल आणि चालवणं, दुसरा जुनं काढून नवं घालणं. दोन्हींचं बिल दर महिन्याला येतं आणि भरावंच लागतं. कमांडर बदलला, ऑफिसचं छत गळायला लागलं, कुणाला परेड ग्राउंड नवं करायची हौस आली, तरी या पैशाला हात लावता येत नाही. दुरुस्तीचा पैसा पाइपाशी बांधला जातो. खाजगीकरणाचा खरा फायदा मला तरी हाच दिसतो, आणि तो लहान नाही. कंपनी हुशार आणि सरकारी माणूस आळशी, हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

मालकी सरकारची असली म्हणजे पाणी सुरक्षित, असंही धरून चालू नका. हवाईमधला पर्ल हार्बर-हिकम तळ घ्या. तिथे पाण्याची यंत्रणा नौदलाची आणि रेड हिल डोंगराच्या पोटात महायुद्धाच्या काळात बांधलेल्या २० प्रचंड इंधनटाक्या, त्याही नौदलाच्याच. त्या टाक्यांच्या खाली भूजल. नोव्हेंबर २०२१ मध्ये विमानाचं इंधन पिण्याच्या पाण्यात मिसळलं. सुमारे ९३,००० लोकांना पाणी देणारी ती व्यवस्था. लहान मुलांच्या आंघोळीच्या पाण्याला इंधनाचा वास येत होता. हजारो कुटुंबांना घर सोडून हॉटेलांत राहावं लागलं. तिथे एकाही खाजगी कंपनीला पाइप विकलेला नव्हता.

मात्र तळावरच्या घरांचं खाजगीकरण आणि पाइपांचं खाजगीकरण यांची गल्लत करू नका. घरांची योजना १९९६ ची, कायदा वेगळा, करार वेगळे. तिची बदनामी रास्त आहे. बुरशी, गळती, आणि दुरुस्ती वेळेवर केल्याचे खोटे अहवाल. डिसेंबर २०२१ मध्ये बॅल्फोर बिटी कम्युनिटीज या कंपनीने फसवणुकीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. दंड आणि भरपाई मिळून साडेसहा कोटी डॉलरच्या वर भरायची वेळ आली. या प्रकरणातून पाणी-वीजवाल्यांनीही शिकावं असं एकच आहे: काम झालं की नाही हे काम करणाऱ्यानेच लिहायचं आणि त्यावरच पैसे मिळवायचे, ही पद्धत चालू देऊ नये.

राहिला पाणी बंद करण्याचा प्रश्न. कंपनीला मनाला येईल तेव्हा हात वर करता येत नाहीत. उलट करार मध्येच संपवायचा अधिकार सरकारकडे आहे. पण संपवला तर पुढे काय? यंत्रणा परत घ्यायला पैसे मोजावे लागणार, आणि ती चालवणारी माणसं लष्कराकडे उरलेली नसणार. मला खरी भीती याची वाटते. नळ बंद होण्याची नाही.

प्रश्न: नमस्कार मॅडम. ५० वर्षं म्हणजे दोन पिढ्या झाल्या. इतका लांब करार कशाला? आणि कंपनीने यंत्रणा घेताना दिलेली किंमत पुढे लष्कराच्याच बिलातून काढून घेतली, तर लष्कराच्या हाती काय पडलं?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: तुझा दुसरा प्रश्न अगदी नेमका आहे. अमेरिकी काँग्रेसच्या जी.ए.ओ. या लेखापरीक्षण संस्थेने २००५ मध्ये जवळपास हेच विचारलं. कंपनीने दिलेली किंमत, कधी व्याजासकट, बिलातून परत जाते, तेव्हा ती कमाई धरायची का? दुसरा आक्षेप त्याहून खोल होता. बचत दाखवताना तुलना कशाशी केली? लष्कर या यंत्रणेवर प्रत्यक्षात जेवढा खर्च करत होतं त्याच्याशी नाही, तर नीट सांभाळायची तर जेवढा करायला हवा होता त्याच्याशी. त्यामुळे कागदावर बचत झाली आणि तिजोरीतून मात्र पहिल्यापेक्षा जास्त पैसे जायला लागले.

यात संरक्षण खात्याची बाजूही खोटी नाही. जो खर्च करायला हवा होता आणि केला नाही, तो पाइपात गंज होऊन साठतो. पण मग लोकांना सरळ सांगावं: हे स्वस्त नाही, आजवर चुकवलेलं देणं आपण आता भरतो आहोत. बचतीच्या नावाखाली ते खपवणं मला गैर वाटतं.

५० वर्षांचं कारण साधं आहे. चांगला लोखंडी पाइप तेवढा टिकतो, आणि नव्या पाइपाचा खर्च थोड्या वर्षांत वसूल करायचा तर महिन्याचं बिल झेपणार नाही. दर मात्र ५० वर्षांसाठी ठरवून टाकलेला नसतो. सुरुवातीच्या बहुतेक करारांत पहिल्या दोन वर्षांनी आणि नंतर दर तीन वर्षांनी दर फेरतपासायची सोय होती. इथेच सरकारच्या बाजूचा माणूस जाणता हवा. पंपाचं बेअरिंग किती वर्षांनी बदलायचं हे ज्याला माहीत नाही, तो कंपनीच्या आकड्यावर काय बोलणार?

लांब करार कुठे शोभतो याचं उदाहरण अलास्कात आहे. २००८ मध्ये तिथल्या तीन तळांच्या, फोर्ट वेनराइट, फोर्ट ग्रीली आणि फोर्ट रिचर्डसनच्या, १२ यंत्रणा डोयॉन युटिलिटीजकडे ५० वर्षांसाठी गेल्या. डोयॉन ही अलास्काच्या अंतर्भागातल्या मूळ रहिवाशांची कंपनी, १९७१ च्या जमीनविषयक कायद्यातून जन्मलेली. दरांवर राज्याच्या नियामक आयोगाची नजर आहे. फेअरबँक्सजवळच्या फोर्ट वेनराइटला हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत उतरतो. कोळशावर चालणारं १९५० च्या दशकातलं केंद्र तिथे वीज आणि वाफ दोन्ही बनवतं. ही वाफ जमिनीखालच्या बोगद्यांतून घराघरात जाते, आणि पाण्याचे पाइपही त्याच बोगद्यांतून नेलेले आहेत, म्हणजे ते गोठत नाहीत. वाफ थांबली की काही तासांत इमारतींमधलं पाणी गोठून पाइप फुटायला लागतात. अशा ठिकाणी दर तीन वर्षांनी ठेकेदार बदलून चालणार नाही. तिथलीच, तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसं मालक असावीत हे मला पटतं.

प्रश्न: कंपनीचा एखादा माणूस बटण दाबून अख्खा तळ अंधारात टाकू शकेल का?
– एक वाचक, कामठी

उत्तर: धोका आहे, आणि तो मालकी सरकारची असतानाही असतो. सुरक्षेचं खास कारण असेल तर यंत्रणा न विकण्याची सवलत संरक्षण खात्याच्या १९९७ च्या हुकुमातच होती. पण तयारी किती आहे हे वीज घालवूनच कळतं. २४ एप्रिल २०१९ च्या रात्री नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅग या प्रचंड तळाची वीज गेली, ती जवळपास १२ तास आली नाही. लष्करानेच कुणाला पूर्वकल्पना न देता ती तोडली होती, जनरेटर आणि माणसं तयार आहेत का ते बघायला. कुटुंबांचे हाल झाले आणि तळाला माफी मागावी लागली. घरांना आधी सांगायला हवंच होतं. पण अशी चाचणी घेण्याची पद्धत आपल्याकडच्या प्रत्येक छावणीत असावी असं मी आग्रहाने म्हणेन. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला जनरेटर ऐन वेळी चालू होईल याचा भरवसा कुणी देऊ नये.

प्रश्न: मॅडम, जय हिंद. मी एम.ई.एस.मधून निवृत्त झालो, ई/एम (वीज आणि यंत्रं) साइडला होतो. आपल्याकडेही पाइप-तारा विकणार का? नातू ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याने एम.ई.एस. धरावं की सोडावं?
– एक वाचक, खडकी

उत्तर: जय हिंद, दादा. आपण एकाच घरातले, म्हणून स्पष्ट लिहिते. भारतात यंत्रणा विकलेली नाही, माणसं कमी केली आहेत. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली गेली. एम.ई.एस.चं काही काम खात्याच्या माणसांनी करावं आणि बाकीचं बाहेर द्यावं, ही तिची एक शिफारस. त्यानुसार मे २०२० मध्ये बेसिक आणि इंडस्ट्रियल कर्मचाऱ्यांची ९,३०४ पदं रद्द करायला मंजुरी मिळाली. ही पदं रिकामी होती, त्यामुळे कुणाची चालू नोकरी गेली नाही. पण ती आता भरलीही जाणार नाहीत.

अमेरिकेत कंपनी ५० वर्षांसाठी बांधली जाते, म्हणून तिला आपल्या पाइपाची माहिती ठेवावी लागते. आपल्याकडे टर्म कॉन्ट्रॅक्टचा ठेकेदार मुदत संपली की जातो आणि मालकी आपली असूनही माहिती आपल्याकडे राहत नाही. दोन्हींतला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मी एका छावणीत असताना आमचे एक व्हॉल्व्हमन होते. रात्री बारानंतर, वाहनं थांबली की, ते लोखंडी सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवायचे आणि दुसरं कानाच्या मागच्या हाडाला. डोळे मिटून थोडा वेळ ऐकायचे. मग पुढच्या व्हॉल्व्हवर. "मॅडम, इकडून तिसऱ्या झाडाजवळ," म्हणायचे, आणि सकाळी खोदलं की गळती तिथेच. इंग्रजांच्या काळातल्या बिडाच्या मेन लाइनची जी वळणं नकाशावर नव्हती, ती त्यांना पाठ होती. त्यांच्या निवृत्तीआधी मी त्यांच्याबरोबर फिरून प्रत्येक व्हॉल्व्ह नकाशावर चढवला. असं काम ठेक्याच्या कागदात बसत नाही. ठेक्यात "गळती दुरुस्त करणे, प्रति नग" एवढंच लिहिलेलं असतं, आणि गळती शोधणार कोण याची ओळच नसते.

म्हणून नातवाने एम.ई.एस. जरूर धरावं. रद्द झालेली पदं ज्युनिअर इंजिनिअरची नव्हती, आणि काम बाहेर गेलं की ते तपासणाऱ्या इंजिनिअरची गरज वाढते. परीक्षा स्टाफ सिलेक्शन कमिशनची आहे, अभ्यास तर करायचाच. त्याच्या जोडीला तुम्ही त्याला एखाद्या पंप हाऊसवर घेऊन जा. पॅनेल उघडून दाखवा, स्टार्टर कसा लागतो ते दाखवा, चांगल्या आणि बिघडलेल्या बेअरिंगचा आवाज ऐकवा. मोजमापाची वही कशी भरतात आणि तिच्यावर सही करण्याआधी काय-काय डोळ्यांनी पाहायचं, हे तुमच्याइतकं नीट त्याला कुठलाही क्लास शिकवणार नाही.