47व्या वर्षी ड्रॉइंगच्या क्लासला बसू का?

"मावशी, मी 47 वर्षांची, माहेर कोल्हापूर, गेली 19 वर्षं सनीवेलला. बीकॉम झालंय. इथे आल्यावर आधी व्हिसामुळे आणि मग मुलामुळे नोकरी केलीच नाही, ग्रीन कार्ड तीन वर्षांपूर्वी आलं. मुलगा आता सॅन डिएगोला कॉलेजला जातोय. मला लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचीत, मंडळाच्या स्मरणिकेची कव्हरं मीच करते. जवळच डी अँझा कॉलेज आहे, तिथे आर्टचे क्लास असतात. नवरा म्हणतो शिकायचंच तर यूएक्स (अ‍ॅप-वेबसाइटचं डिझाइन) शिक, निदान नोकरी तरी लागेल. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांचं म्हणणं आता या वयात कॉलेज कशाला. मुलाची फी भरायचीये आणि मी काहीच कमवत नाही, त्यामुळे स्वतःसाठी पैसे मागायची लाज वाटते. आणि 18 वर्षांच्या पोरांत जाऊन बसायचं दडपण वेगळंच. काय करू?
- चित्रवेडी, सनीवेल"

अगं चित्रवेडी,

वयाचं तू शेवटी लिहिलंस आणि पैशांचं मध्येच घाईघाईत उरकलंस, पण मला वाटतं खरी गाठ पैशांपाशीच आहे, वयाचं कारण चारचौघांत सांगायला सोपं पडतं एवढंच. म्हणून आधी हिशोब करू. डी अँझाला कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) 31 डॉलर पडतात, म्हणजे चार युनिटचा ड्रॉइंगचा क्लास धरला तर 124 डॉलर, वर किरकोळ फिया, पार्किंग, आणि कागद-कोळसा-रंग, जे खरं सांगायचं तर फीपेक्षा महाग पडू शकतं. सॅराटोगाचं वेस्ट व्हॅली किंवा सँटा क्लाराचं मिशन कॉलेज बघितलंस तर तिथे डी अँझासारखं क्वार्टर नाही, सेमिस्टर असतं, आणि युनिटला 46. तुझ्या लेकाच्या डॉर्मचा आणि मेसचा एका आठवड्याचा खर्च यापेक्षा जास्त होणारे गं! आणि त्याच्या फीसमोर तू हा क्लास ठेवतेस आणि लाजतेस.

अजून एक सांगते, नवऱ्याशी भांडायला नाही, तुझ्या स्वतःच्या डोक्यात राहावं म्हणून. कॅलिफोर्नियात कम्युनिटी प्रॉपर्टीचा कायदा आहे, लग्नानंतर नवऱ्याने मिळवलेल्या पगारात निम्मा वाटा बायकोचा, मग ती नोकरी करो वा न करो. हे जेवताना वाचून दाखवू नकोस, उगाच पोळ्या गार होतील. पण बोलताना परवानगी मागितल्यासारखं बोलायचं नाही, मी मंगळवारी संध्याकाळी क्लासला जाणारे असं सरळ सांगून टाकायचं. मदतीचं म्हणशील तर पेल ग्रँट (सरकारची शिक्षणासाठीची मदत) विसर, आधीची बॅचलर डिग्री असली की ती मिळत नाही आणि कोल्हापूरचं बीकॉमसुद्धा त्यात धरलं जाऊ शकतं.

(एच4 वर, म्हणजे नवऱ्याच्या एच1बी नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर असणाऱ्या वाचक मैत्रिणींसाठी: तुम्हालाही शिकता येतं, पण ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नसताना पैसे घेऊन चित्रं काढून देणं म्हणजे बिनपरवाना काम, ओळखीच्या बाईने दिलेलं लग्नपत्रिकेचं काम असलं तरी. ते ईएडीही नवऱ्याचं आय-140 (ग्रीन कार्डसाठी त्याच्या कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालेलं असेल वगैरे अटींवरच मिळतं. आधी वकिलाला विचारा.)

आता 18 वर्षांची पोरं. ही कॉलेजं सगळ्यांसाठी उघडी ठेवायची हे कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाच्या 1960 च्या मास्टर प्लॅनमध्येच ठरवलंय, वयाची अट नाही, एंट्रन्स नाही. संध्याकाळच्या क्लासला दिवसभर नोकरी करून आलेले असतात, रिटायर झालेले असतात, एखादे आजोबा हमखास पहिल्या रांगेत. आणि जी 18 ची आहेत ती तुझ्याकडे बघणारही नाहीत, ती त्यांच्याच टेन्शनमध्ये असतात, फार तर ब्रेकमध्ये खोडरबर मागतील.

घाबरायचंच असेल तर क्रिटिकला घाबर, कारण तिथे खरंच पोटात गोळा येतो. सगळ्यांची चित्रं भिंतीला लावतात आणि एकेकापुढे उभं राहून सगळे बोलतात, हा हात छोटा झालाय, इथे नजर थांबतच नाही, सावली कुठल्या दिवसाची आहे. मंडळात तुझ्या कव्हरला आजवर फक्त "वा, काय सुंदर" ऐकायची सवय, फार तर कोणी म्हणालं असेल गणपती जरा मोठा हवा होता. इथे मात्र एक नाकात रिंग घातलेला पोरगा शांतपणे सांगेल की हे चित्र तू फोटोवरून उतरवलंयस ते कळतंय, आणि वाईट म्हणजे त्याचं बरोबर असेल. पहिल्यांदा गाडीत बसून रडू येईल. पण घरी यूट्यूब बघून शिकताना नेमकं हेच मिळत नाही, आणि माझ्या मते फी भरायची ती याच्यासाठीच. पुढे फिगर ड्रॉइंगचा क्लास घेशील तेव्हा समोर मॉडेल बिनकपड्याचं असतं हेही आधीच सांगून ठेवते, पहिली दहा मिनिटं कुठे बघावं कळत नाही, नंतर खांद्याचा कोन चुकतोय यापलीकडे काही सुचत नाही. सासूबाईंना हा तपशील सांगायची काहीच गरज नाही.

यूएक्सबद्दल. नवऱ्याचं चुकीचं नाही, तो काळजीपोटी बोलतोय, पण त्याला म्हणावं तुझ्याच ऑफिसात विचार की अनुभव नसलेल्या यूएक्सवाल्यांसाठी सध्या किती जागा निघतात, आणि त्यातल्या किती 47 वर्षांच्या बाईला मिळतील. नोकरीची खात्री त्याही रस्त्यावर नाहीये, मग मनात नसलेली गोष्ट नुसती त्या आशेवर कशाला शिकायची?

पण पुस्तकांच्या चित्रांत पैसा आहे असंही मी सांगणार नाही. प्रकाशक आधी अ‍ॅडव्हान्स देतो, रॉयल्टी त्यातून वळती होते आणि तो फिटल्यावरच वर काही हातात येतं, बऱ्याच पुस्तकांचा फिटतच नाही. वर आता एआयने किरकोळ कामं खायला सुरुवात केलीय. त्यामुळे दोन वर्षांत घराला हातभार लावीन असं कबूल करू नकोस, कोणालाच. मात्र या धंद्यात डिग्री कोणी विचारत नाही, आर्ट डायरेक्टर पोर्टफोलिओ बघतो. म्हणून दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीच्या मागे लागू नकोस, त्यात इंग्लिश, गणित, इतिहास असं बरंच काही येतं, तुला ते कशाला हवंय, सुटे क्लास घे. पिक्चर बुक बहुतेक 32 पानांचं असतं आणि आर्ट डायरेक्टरला बघायचं असतं की तीच मुलगी पाचव्या पानावर रडताना, बाराव्या पानावर पाठमोरी आणि विसाव्या पानावर झाडावर चढलेली काढली तरी ती तीच वाटते का. तुझी कव्हरं सुंदर असतीलही, पण कव्हर म्हणजे एकच चित्र, हे काम वेगळं आहे. एससीबीडब्ल्यूआय नावाची बालसाहित्यिक आणि चित्रकारांची संघटना आहे, 1971 पासूनची, क्लास दोन-तीन झाले की मग तिकडे बघ, आत्ता नको. आणि हो, लेखक ओळखीचा असून फारसा उपयोग नसतो, चित्रकार प्रकाशकच निवडतो, तेव्हा मैत्रिणीने गोष्ट लिहिलीय आणि मी चित्रं काढते या नादात एक वर्ष घालवू नकोस.

वेळेचं नीट समजून घे, चार युनिट म्हणजे आठवड्याला चार तास नाही. स्टुडिओ क्लासला जास्त बसावं लागतं आणि घरी गृहपाठ असतो तो वेगळाच, म्हणून पहिल्या क्वार्टरला एकच क्लास, दोन घेतलेस तर नोव्हेंबरात दोन्ही सोडशील. क्लासच्या दिवशी सासूबाई आणि नवरा मिळून खिचडी लावतील, इन्स्टंट पॉट कोणालाही जमतो.

नाव नोंदवायचं तर सीसीसीअप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज करायचा. नव्या लोकांना रजिस्ट्रेशनची तारीख उशिराची मिळते आणि तोवर संध्याकाळचे आर्ट क्लास भरलेले असतात, तेव्हा फुल्ल दिसलं की हा देवाचाच संकेत वगैरे समजून लॅपटॉप मिटू नकोस, वेटलिस्टवर नाव टाक आणि पहिल्या दिवशी वही घेऊन वर्गात जाऊन बस, पहिल्या आठवड्यात लोक गळतात आणि शिक्षक हजर असलेल्यांना घेतात. फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटाकडे सुरू होतं, लेकाला सोडून आल्यावर घर खायला उठायच्या आत. अर्ज आजच भर, घरात रविवारी सांग, याच क्रमाने.

– मावशी