रास्पबेरी पायची ओळख करून देणारे पहिले व्याख्यान कसे आखावे?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात दर महिन्याला विज्ञानविषयक व्याख्यान होते. पुढील व्याख्यानात मी 'रास्पबेरी पाय' या छोट्या संगणकाची ओळख करून द्यावी, असे ठरले आहे. माझ्याकडे पाय ४ आहे आणि वेळ दीड तासाचा आहे. श्रोत्यांत नववी-दहावीचे विद्यार्थी, काही शिक्षक, शेतकरी आणि निवृत्त मंडळी असतील. त्यांपैकी बहुतेकांनी ही वस्तू पाहिलेली नसेल. इतिहास, सर्व मॉडेलांची तुलना, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, पायथॉन ही आज्ञावली लिहिण्याची भाषा आणि शेवटी ठिबक सिंचन आपोआप चालू-बंद करण्याचा प्रयोग, अशी मी मांडणी केली आहे. ती फार भरगच्च वाटते. काय ठेवावे आणि काय गाळावे?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे. या मांडणीतील प्रत्येक विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे आणि ते सगळे दीड तासात बसवायचे म्हटले, तर नवख्या श्रोत्याच्या हाती केवळ नावांची यादी लागेल. निवड करण्यासाठी एकच कसोटी लावावी, असे आम्ही सुचवतो. श्रोत्यांच्या मनात पहिला प्रश्न येणार तो असा : खिशातल्या मोबाइलमध्ये याहून वेगवान संगणक असताना हा उघडा बोर्ड कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर देण्यास जे उपयोगी पडेल ते ठेवावे, बाकीचे निःसंकोच गाळावे. आणि ते उत्तर बोर्डाच्या कडेला असलेल्या ४० पिनांमध्ये आहे. आपण लिहिलेल्या चार ओळींच्या आज्ञेनुसार यंत्राबाहेरची एखादी वस्तू हलते, उजळते किंवा थांबते, हा अनुभव मोबाइल सहजासहजी देत नाही.

इतिहासाला पाच मिनिटे पुरेत, पण ती अवश्य द्यावीत, कारण ही वस्तू कशासाठी जन्मली हे त्यातून कळते. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये घरोघरी 'बीबीसी मायक्रो'सारखे संगणक होते. ते सुरू केले की थेट आज्ञावली लिहिण्याची जागाच समोर येई. पुढे त्यांची जागा खेळांच्या यंत्रांनी आणि तयार सॉफ्टवेअरने घेतली. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि त्यांची पूर्वतयारी घटत चालल्याचे तेथे संगणकशास्त्र शिकवणारे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवले. त्यातून २००९ साली रास्पबेरी पाय फाउंडेशन ही धर्मादाय संस्था उभी राहिली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा पहिला बोर्ड विक्रीस आला. त्या दिवशी बोर्ड विकणाऱ्या दोन्ही वितरकांची संकेतस्थळे गर्दीने ठप्प झाली होती. मुलांनी मोडतोडीची भीती न बाळगता शिकावे यासाठीच तो इतका स्वस्त ठेवला होता, एवढे सांगून पुढे जावे.

मॉडेलांची तुलना मात्र संपूर्ण गाळावी. कोणत्या मॉडेलात किती मेमरी आहे, हे ज्याला खरेदी करायची आहे तो नंतर पाहील. त्याऐवजी एकच फरक स्पष्ट करावा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब ही शासकीय योजनेतील प्रयोगशाळा असेल, तर काही विद्यार्थ्यांनी आर्डुइनो हा छोटा बोर्ड हाताळलेला असेल आणि दोन्ही एकच, असा त्यांचा समज असू शकतो. आर्डुइनो उनोच्या प्रचलित आर३ आवृत्तीत अवघी २ किलोबाइट मेमरी (रॅम) असते, त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नसते आणि वीज मिळताच तो एकच आज्ञावली पुन्हा पुन्हा चालवत राहतो. पाय हा पूर्ण संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते, पत्र टाइप करता येते, इंटरनेट पाहता येते. लिनक्सविषयीही याहून अधिक बोलण्याची गरज नाही. पडद्यावर डेस्कटॉप दिसला, की बहुतेकांना तो ओळखीचाच वाटतो.

खरा वेळ द्यावा तो एका प्रयोगाला, आणि तो रिकाम्या टेबलापासून सुरू करावा. आधी बोर्ड श्रोत्यांत फिरू द्यावा. मग मायक्रोएसडी कार्ड, कीबोर्ड, माउस आणि पडदा एकेक करून जोडावेत आणि प्रत्येक जोडणीच्या वेळी तो भाग काय करतो हे एका वाक्यात सांगावे. पायवर वेगळी हार्ड डिस्क नसते, सारे काही त्या नखाएवढ्या कार्डावर असते आणि कार्ड बदलले की जणू संगणकच बदलतो, ही गोष्ट मुलांना फार आवडते. वीज देण्यापूर्वीच एलईडीची जोडणी करून घ्यावी. कार्डाच्या बाजूने मोजल्यास आतल्या रांगेतील पाचवी पिन म्हणजे क्रमांक ९, ही ग्राउंड, म्हणजे प्रवाह परतण्याची पिन. तिच्या शेजारची सहावी म्हणजे क्रमांक ११, हीच पायथॉनमध्ये जीपीआयओ १७ या नावाने ओळखली जाते (जीपीआयओ म्हणजे आज्ञावलीने चालवता येणारी पिन). पिनेचा क्रमांक आणि तिचा जीपीआयओ क्रमांक वेगळे असतात, हे येथे थांबून सांगावे, कारण नवखे हमखास येथेच अडतात. ११ क्रमांकाच्या पिनेपासून ३३० ओहमचा रोधक, म्हणजे नारिंगी, नारिंगी आणि तपकिरी पट्ट्यांचा; त्यापुढे एलईडीचा लांब पाय; आखूड पाय ग्राउंडला. रोधकामुळे सुमारे ४ मिलिअँपिअर इतकाच प्रवाह वाहतो, म्हणून एलईडी आणि पिन दोन्ही सुरक्षित राहतात. दिवा एकदा लुकलुकला, की आज्ञावलीतील एक सेकंदाचा अवधी एखाद्या विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याच हाताने बदलायला लावावा. त्या क्षणी सभागृहाला जे समजते, ते समजावायला चित्रांच्या दहा पाट्याही अपुऱ्या पडतात.

एक धोका मात्र ठळकपणे सांगितला पाहिजे. आज्ञावली चुकली तर काही बिघडत नाही, पण जोडणी चुकली तर बिघडू शकते. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. बाहेरच्या रांगेतील पहिल्या दोन, म्हणजे क्रमांक २ आणि ४, या ५ व्होल्टच्या असून तेथील तार चुकून जीपीआयओ पिनेला लागली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. प्रयोगाआधी या दोन पिनांवर चिकटपट्टी लावून ठेवावी आणि ती का लावली हेही सांगावे.

ठिबक सिंचनाचा प्रयोग या व्याख्यानातून वगळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. श्रोत्यांत शेतकरी आहेत म्हणून तो मोह होणे स्वाभाविक आहे, पण त्यांच्याच हिताचा विचार करता पाय हे त्या कामाचे पहिले साधन नव्हे. मातीतील ओलावा मोजणारे स्वस्त संवेदक कमी-अधिक होणारा विद्युतदाब देतात आणि पायच्या पिना केवळ 'आहे' किंवा 'नाही' एवढेच वाचतात. त्यासाठी विद्युतदाबाचे आकड्यांत रूपांतर करणारी एमसीपी३००८सारखी वेगळी चिप जोडावी लागते. शिवाय शेतात वीज अचानक गेली, तर कार्डावरील माहिती बिघडण्याचा धोका राहतो. अशा कामाला ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको यांसारखे, कमी वीज घेणारे आणि ऑपरेटिंग सिस्टिमवाचून चालणारे बोर्ड अधिक योग्य ठरतात. कोणी विचारल्यास हेच प्रांजळपणे सांगावे. २३० व्होल्टची मोटर किंवा दिवा रिलेद्वारे (लहान विजेने चालणाऱ्या स्विचद्वारे) चालवून दाखवण्याचा आग्रह झाला, तरी नवख्यांच्या गर्दीत तो मान्य करू नये.

त्याऐवजी वाचनालयाच्याच उपयोगाचे उदाहरण द्यावे. 'किविक्स' हे मोफत सॉफ्टवेअर पायवर बसवून त्यात विकिपीडियाची प्रत साठवली आणि पायलाच वाय-फाय केंद्र बनवले, तर इंटरनेट नसतानाही वाचनालयात बसलेल्यांना आपापल्या मोबाइलवर ती वाचता येते. शक्य असल्यास ही तयारी दुसऱ्या कार्डावर करून न्यावी आणि शेवटी कार्ड बदलून दाखवावे. आधी सांगितलेला कार्डाचा मुद्दाही त्यातून प्रत्यक्ष पटतो.

सभागृहातील अडचणी बहुधा विजेच्या आणि केबलच्या असतात. पाय ४ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. मोबाइलचा साधा चार्जर किंवा बारीक केबल वापरल्यास दाब उतरतो आणि पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसू लागते. पाय ४वर मायक्रो एचडीएमआय जोडणी आहे, म्हणून प्रोजेक्टरची नेहमीची केबल थेट बसत नाही. वेगळी केबल न्यावी आणि ती वीजजोडणीलगतच्या छिद्रात लावावी. सिस्टिम भरलेले एक जादा कार्ड जवळ असू द्यावे. मागच्या रांगेतून एलईडी दिसणार नाही, तेव्हा मोबाइलचा कॅमेरा टेबलावर उभा धरून त्याचे चित्र प्रोजेक्टरवर दाखवता येते का, हे आदल्या दिवशीच तपासावे. श्रोत्यांना लॅपटॉप आणायला सांगू नये. प्रत्येकाची वेगळी अडचण सोडवताना व्याख्यान बाजूला राहते.

बोलणे आणि प्रयोग तासाभरात संपवून उरलेला अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा. 'आम्ही काय विकत घ्यावे?' हा प्रश्न येणारच. केवळ पायथॉन शिकायचे असेल, तर घरातला जुना संगणक पुरेसा आहे, असे सांगावे. पिनांचे प्रयोग करायचे असतील, तर २०२१ साली ४ डॉलरला आलेला पिको जुन्या संगणकाला जोडून सुरुवात करता येते. पूर्ण पाय घ्यायचा असेल, तर बोर्डाचा भाव सांगून थांबू नये. चार्जर, कार्ड, केबल आणि पडदा धरून येणारा एकूण खर्च त्या आठवड्याच्या भावाने कागदावर मांडून न्यावा आणि त्याच कागदाच्या मागे ४० पिनांचा नकाशा छापून तो प्रत्येकाला द्यावा.